ऑपेरा हाउस: सिनेमाने काय काढले, काय राखले आणि जीर्णोद्धारात काय परत आले

आपण विचारलेला प्रश्न दोन भागांचा आहे. मुंबईचे रॉयल ऑपेरा हाउस आयुष्याचा मोठा काळ चित्रपटगृह म्हणून चालले असताना २०१६ साली ते जुन्या नाट्यगृहाच्या रूपात का उघडण्यात आले, आणि त्यात सिनेमाचा इतिहास पुसला गेला असे म्हणायचे का, हा पहिला भाग. आपल्या तालुक्याच्या गावी बंद पडलेल्या टॉकीजचे असे काही होऊ शकेल का, हा दुसरा. मी जुन्या इमारतींच्या संवर्धनाचे काम बरीच वर्षे करत आलो आहे. ऑपेरा हाउसच्या कामात माझा सहभाग नव्हता. तेव्हा त्या वास्तूविषयी जे लिहितो ते प्रसिद्ध माहितीवर आधारलेले आहे, आणि गिलावा, गंज, ओल यांच्याविषयी जे लिहितो ते माझ्या रोजच्या कामातले आहे.

या नाट्यगृहाची कल्पना १९०८ च्या सुमाराची. मॉरिस बँडमन नावाचा नाट्यव्यावसायिक आणि जहांगीर फ्रामजी कराका हे कोळशाच्या दलालीतले पारशी गृहस्थ यांनी ती मिळून पुढे नेली. बँडमनच्या नाटक मंडळ्या भूमध्य समुद्राच्या काठापासून थेट पूर्व आशियापर्यंत फिरत असत आणि कलकत्त्याला त्याचे मोठे ठाणे होते. बोटीने येणाऱ्या मंडळ्यांना मुंबईत उतरल्यावर तितक्याच तोलाचा रंगमंच मिळावा, हा त्यामागचा सरळ धंद्याचा हिशेब होता. चर्नी रोड स्टेशनाजवळ, गिरगाव चौपाटीपासून हाकेच्या अंतरावर १९०९ साली काम सुरू झाले. १९११ च्या डिसेंबरात पंचम जॉर्ज दिल्ली दरबारासाठी मुंबईत उतरले तेव्हा बांधकाम अर्धवटच होते, तरी उद्‌घाटन त्यांच्याच हस्ते उरकून घेण्यात आले आणि ‘रॉयल’ हे बिरुद मिळाले. प्रत्यक्षात प्रयोग सुरू झाले ते १९१२ मध्ये, आणि लहानमोठी भर १९१५ पर्यंत पडत राहिली. राजाच्या भेटीचा मुहूर्त गाठण्यासाठी अपुऱ्या वास्तूचे उद्‌घाटन करणे ही आजच्या पुढाऱ्यांची युक्ती आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

शैली युरोपीय बरोक, म्हणजे भरगच्च नक्षीच्या वळणाची, पण कारागिरी इथली. सभागृहावरचा घुमट आठ पाकळ्यांत विभागलेला असून तो जगातील कवी, नाटककार आणि कादंबरीकार यांना वंदन म्हणून रंगवला गेला. प्रवेशदालनातली दोन मोठी बिलोरी झुंबरे ससून घराण्याच्या भायखळ्यातल्या ‘सां सुसी’ या हवेलीतून आली. ती हवेली म्हणजे आजचे मसीना रुग्णालय. आत तळाला स्टॉल, वर बाल्कनी, त्याहून वर गॅलरी आणि रंगमंचाच्या दोन्ही अंगांना सोनेरी नक्षीचे बॉक्स, म्हणजे मोजक्या प्रेक्षकांसाठीचे बंदिस्त सज्जे, अशी रचना होती. बॉक्समध्ये बसणाऱ्याला नाटक नीट दिसत नसे, पण तो स्वतः सगळ्यांना नीट दिसत असे, आणि त्याचे पैसे तो त्यासाठीच मोजत होता.

नाव ऑपेरा हाउस असले तरी तिथे खरोखरीचा ऑपेरा फारसा झाला नाही. बँडमनच्या मंडळ्या प्रामुख्याने हलकीफुलकी इंग्रजी संगीत नाटके करत. पुढे याच रंगमंचावर बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, मास्टर कृष्णराव, बापूराव पेंढारकर अशी संगीत नाटकातली थोर मंडळी गायली, आणि मराठी माणसाच्या मनात या वास्तूची जी जागा आहे ती त्यांच्यामुळे. ध्वनिवर्धक नसलेल्या काळात शेवटच्या गॅलरीतल्या माणसापर्यंत शब्द आणि तान दोन्ही पोचत, यात गळ्याच्या तयारीइतकाच वाटा त्या सभागृहाच्या आकाराचा, लाकडाचा आणि चुन्याच्या गिलाव्याचा होता.

सिनेमा इथे आला तो पाहुणा म्हणून. १९१७ पासून नाटकांच्या जोडीने मूकपट दाखवले जाऊ लागले, १९२५ मध्ये पाथे या फ्रेंच चित्रपट कंपनीने जागा भाड्याने घेऊन आपले चित्रपट नियमित लावले, आणि १९३५ मध्ये आयडियल पिक्चर्सने ती विकत घेऊन तिचे पुरते चित्रपटगृह केले. भोवतालचा परिसर पाहिला तर यात आश्चर्य वाटू नये. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी लागला ते कॉरोनेशन गिरगावातच होते. ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी लागला ते मॅजेस्टिकही तिथलेच. लॅमिंग्टन रोडवर एकाला लागून एक थिएटरे उभी राहिली आणि पुढे वितरकांच्या कचेऱ्यांनी तिथल्या नाझ थिएटरची इमारत भरून गेली. बोलपटाने संगीत नाटकाचा प्रेक्षक ओढून नेला तेव्हा मुंबईतल्या नाट्यगृहांपुढे पडदा टांगणे किंवा कुलूप लावणे, एवढेच दोन पर्याय उरले होते. ऑपेरा हाउसने पडदा टांगला.

नाट्यगृहाचे चित्रपटगृह करणे म्हणजे केवळ पडदा टांगणे मात्र नव्हे, आणि आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथेच आहे. नाटक हे तीन मितींत घडते, त्यामुळे बाजूच्या बॉक्समधूनही ते कसेबसे पाहता येते. पडदा सपाट असतो. त्याच्याकडे तिरपे पाहिले की नायकाचा चेहरा चेपलेला दिसतो. म्हणून बॉक्स निरुपयोगी ठरतात, आणि त्यांच्या जागी सपाट भिंत मिळाली तर ती मालकाला हवीच असते. दुसरी गोष्ट आवाजाची. गाणाऱ्या गळ्याला सभागृहाने थोडी साथ द्यावी लागते. सूर सुटल्यावर तो सेकंदाच्या वर रेंगाळला तर गाणे भरदार वाटते. बोलपटाच्या कर्ण्यातून येणाऱ्या संवादाला मात्र तेवढा रेंगाळ मारक ठरतो, शब्द एकमेकांवर चढतात, म्हणून नक्षीदार भिंतींवर ध्वनी शोषणारी आवरणे चढवली जातात आणि मूळ काम त्यांच्याखाली गाडले जाते. तिसरी गोष्ट प्रोजेक्शन रूमची. १९५० च्या आसपासपर्यंत फिल्म नायट्रेटची असे, ती भडकली की विझत नसे, आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर कार्बनचा आर्क दिवा जळत असे. त्यामुळे प्रोजेक्शन रूम जाड भिंतींची आणि बंदिस्त करावी लागे, आणि प्रकाश बाहेर पडण्याच्या चौकोनी भोकांवर लोखंडी झडपा टांगाव्या लागत. आग लागली की झडप धरून ठेवणारी कमी तापमानाला वितळणारी कडी तुटून झडप आपोआप खाली पडावी अशी ती सोय होती. एवढी जड खोली बहुधा बाल्कनीच्या मागच्या अंगाला घातली जाई, म्हणजे जो सांगाडा माणसांच्या वजनासाठी आखलेला आहे त्याच्यावर विटांचे ओझे येई. १९५३ नंतर सिनेमास्कोपचा रुंद पडदा आला तेव्हा रंगमंचाची जुनी कमान अरुंद पडू लागली. कुठे पडदा कमानीच्या पुढे आणला गेला, कुठे कमानच कापली गेली. ज्या ज्या जुन्या नाट्यगृहाची टॉकीज झाली तिथे हे सगळे थोड्याफार फरकाने घडलेले दिसते, आणि ऑपेरा हाउसमध्ये १९३५ च्या फेरफारांत बॉक्स गेले ते याच ओघात.

तरी नाटक तिथून पार हद्दपार झाले नाही. पृथ्वीराज कपूर यांनी १९४४ मध्ये पृथ्वी थिएटर्स काढले तेव्हा स्वतःचे नाट्यगृह नसल्याने त्यांचे प्रयोग ऑपेरा हाउसमध्ये सकाळी होत, कारण दुपारपासूनचे खेळ सिनेमाचे असत. म्हणजे रंगमंच, विंगा आणि पडद्यामागची जागा १९४० च्या दशकातही वापरण्याजोगी होती. १९५२ मध्ये गोंडलचे महाराजा विक्रमसिंहजी यांनी ही वास्तू घेतली आणि तेव्हापासून ती त्याच घराण्याकडे आहे. मालकी एकाच घरात राहिली, वाटे पडले नाहीत, आणि दक्षिण मुंबईच्या त्या भागात जमिनीचे भाव गगनाला भिडले तरी कुणी ती विकली नाही. पुढच्या सगळ्या कामाला हे सर्वांत मोठे अनुकूल कारण ठरले असे मला वाटते. शेजारी पंचरत्नसारख्या इमारतींत हिऱ्यांचा व्यापार भरात असताना तोट्यातले थिएटर हातात धरून बसणे सोपे नसते.

१९८० च्या दशकात व्हिडिओ आला, त्यापाठोपाठ केबल आली, आणि एक पडदा असलेल्या मोठ्या थिएटरांचे गणित कोलमडले. १९९३ मध्ये ऑपेरा हाउस बंद झाले. त्यानंतरची तेवीस वर्षे या वास्तूने जे सोसले ते आधीच्या ऐंशी वर्षांत सोसले नसेल. कारण वापरात असलेल्या इमारतीत कुणीतरी छपरावर चढून पन्हळीतला पाला काढतो, गळक्या कौलाखाली बादली ठेवतो, मालकाच्या कानावर घालतो. बंद इमारतीत पहिल्या पावसाळ्यात पन्हळ तुंबते, दुसऱ्यात पाणी भिंतीत शिरते, तिसऱ्यात फटीत पिंपळ दिसू लागतो. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि चौपाटीची खारी हवा बाराही महिने असते. त्या काळातल्या इमारतींत भिंती विटांच्या किंवा दगडाच्या, पण बाल्कनीचा भार पेलणाऱ्या तुळया लोखंडी असतात. ओल तुळईपर्यंत पोचली की ती गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो, आणि फुगताना भोवतालची चिणाई फोडतो. बाहेरून फक्त गिलाव्यावर केसाएवढी आडवी रेष दिसते. ती रेष तुळईच्या सरळ ओळीत असेल तर रंगाऱ्याला बोलावू नये, अभियंत्याला बोलवावे.

शासनाने वारसा इमारतींची यादी आणि तिचे नियम मुंबईला १९९५ साली लागू केले, त्यामुळे ऑपेरा हाउस पाडून तिथे मनोरा उभारण्याची वाट बंद झाली. पण यादीत नाव आले म्हणून छप्पर गळायचे थांबत नाही. जागतिक पातळीवर धोक्यातल्या वारशाकडे लक्ष वेधणाऱ्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स वॉचच्या २०१२ च्या यादीत या वास्तूचा समावेश झाला. तोवर गोंडलच्या ज्योतेंद्रसिंहजी आणि कुमुदकुमारी यांनी जीर्णोद्धाराचे मनावर घेतले होते आणि काम संवर्धन वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांच्याकडे सोपवले होते. काम पुरे व्हायला सुमारे सहा वर्षे लागली. वर्तमानपत्रांतून सोनेरी नक्षीची छायाचित्रे छापली गेली, पण अशा कामाचा पहिला आणि खर्चिक टप्पा कुणाच्या कॅमेऱ्यात येत नाही: छप्पर बंद करणे, पाणी वळवणे, बाल्कनीला टेकू देऊन तिचा सांगाडा मजबूत करणे. हे झाल्याशिवाय आतल्या नक्षीला हात लावणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.

मग येतो मूळ रूप कोणते हे ठरवण्याचा प्रश्न. त्याची रीत अशी असते. भिंतीच्या एखाद्या सुरक्षित कोपऱ्यात, जिथे हात लागत नाहीत आणि ऊन पोचत नाही तिथे, शस्त्रक्रियेच्या पात्याने बोटाच्या पेराएवढ्या चौकोनात रंगाचे एकेक आवरण पायऱ्यापायऱ्यांनी खरवडतात. वर अलीकडचा ऑइल पेंट, त्याखाली त्याहून जुना, त्याखाली काजळीची बारीक काळी रेघ, तिच्याखाली चुन्यात कालवलेला फिकट रंग, आणि अगदी तळाशी पांढरा गिलावा. काजळीची रेघ बहुधा गॅसबत्त्यांची, धुराची किंवा नुसत्या वर्षानुवर्षांच्या धुळीची साक्ष असते. असे चौकोन दहा ठिकाणी उघडले आणि दहाही ठिकाणी क्रम जुळला की कुठला रंग कुठल्या काळातला हे खात्रीने सांगता येते. नुसत्या जुन्या कृष्णधवल छायाचित्रांवरून रंग ठरवणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. आकारांसाठी मात्र तीच छायाचित्रे सोन्याच्या मोलाची असतात.

ऑपेरा हाउसमध्ये नाहीसे झालेले बॉक्स जुन्या छायाचित्रांच्या आधाराने पुन्हा घडवण्यात आले. इथे अनेक जाणकार नाक मुरडतात, आणि त्यांचा आक्षेप अगदीच पोकळ नाही. जुन्या वास्तूंच्या संवर्धनाची तत्त्वे सांगणाऱ्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत स्पष्ट म्हटले आहे की जिथे तर्क सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. पण छायाचित्र हाताशी असेल, भिंतीत जुन्या जोडाच्या खुणा असतील आणि उरलेल्या नक्षीवरून साचा काढता येत असेल तर ते काम तर्काचे राहत नाही. शिवाय बॉक्स नसताना रंगमंचाच्या दोन्ही बाजू उघड्या पडतात आणि त्या कमानीचे प्रमाणच बिघडते. मी त्या जागी असतो तर हेच केले असते. फक्त नवे काम नवे आहे हे जवळून पाहणाऱ्याला कळावे इतकी खूण सोडली असती.

आता मुख्य मुद्दा. सिनेमाचा काळ इतका मोठा असताना वास्तू त्याआधीच्या रूपाकडे नेणे योग्य होते का? माझ्या मते होते, आणि त्याचे कारण भावनेत शोधू नये. एखाद्या काळाने इमारतीत काय घडवले आणि काय काढून टाकले याचा ताळेबंद मांडावा. ऑपेरा हाउसमध्ये सिनेमाने जागेला उत्पन्न दिले, माणसे दिली, छप्पर धरून ठेवले; पण वास्तू म्हणून पाहिले तर त्याने वजाबाकीच अधिक केली. पडदा, प्रोजेक्शन रूम, झाकलेल्या भिंती यांत जपण्याजोगी रचना थोडी होती, आणि त्यांच्यासाठी खाली गाडलेले मोठे काम गमवावे असे म्हणणे कठीण होते.

हाच ताळेबंद मरीन लाइन्सच्या लिबर्टीला लावून पाहा, उत्तर उलटे येते. लिबर्टी १९४९ मध्ये हबीब हुसेन यांनी उघडले ते हिंदी चित्रपटांसाठीच, आणि तिथली अंतर्गत सजावट वामन नामजोशी यांची आहे. जयपूरचे राजमंदिरही त्यांनीच रचले. त्या सभागृहातली लाकडी आणि प्लास्टरची लयदार वळणे ही सजावट तर आहेच, पण बोलपटाचा आवाज काबूत ठेवण्याचे कामही तीच करते. तिथे सिनेमा काढला तर इमारतीत काही उरत नाही. या मराठी कलावंताचे नाव आपल्याकडे वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक नसते, ही खेदाची गोष्ट आहे. चर्चगेटसमोरचे इरॉस या दोहोंच्या मधले. सोहराबजी भेदवार यांनी आखलेले, शियावक्ष कंबाटा यांनी बांधलेले आणि १९३८ मध्ये उघडलेले ते चित्रपटगृह बरीच वर्षे बंद राहून २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाले, तेव्हा दर्शनी भाग, दालन आणि जिना जपले गेले, पण मुख्य सभागृहाच्या जागी आयमॅक्सचे नवे सभागृह आले. संवर्धनाच्या काटेकोर दृष्टीने ही तडजोड आहे. पण रोज संध्याकाळी तिथे तिकीट काढून माणसे सिनेमा पाहतात, आणि २०१८ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या आर्ट डेको समूहातले ते थिएटर अजून थिएटरच आहे. ऑपेरा हाउसने सभागृह वाचवले आणि रोजचा सिनेमा सोडला. इरॉसने सिनेमा वाचवला आणि सभागृह सोडले. मला पहिला निर्णय अधिक पटतो, पण दुसऱ्याला चुकीचा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पुसला जाण्याविषयीची आपली तक्रार मात्र एका अर्थी रास्त आहे. जीर्णोद्धारात जो काळ निवडला जात नाही त्याची किमान नोंद राहिली पाहिजे: उतरवलेल्या भागांचे मोजमाप, छायाचित्रे, प्रोजेक्टर, तिकिटांचे कोरे गठ्ठे, दर्जानिहाय दरांच्या पाट्या. पाथेच्या मूकपटांपासून रविवारच्या मॅटिनीपर्यंतचा गिरगावकरांचा सिनेमा ही काही किरकोळ गोष्ट नव्हे. ऑक्टोबर २०१६ मध्ये वास्तू पुन्हा उघडली ती मुंबईच्या मामि चित्रपट महोत्सवाच्या निमित्ताने, आणि त्याच आठवड्यात मुंबईत जन्मलेल्या, मूळ गोव्याच्या घराण्यातल्या सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीच्या ऑपेरा गायिका पॅट्रिशिया रोझारिओ तिथे गायल्या. म्हणजे दोन्ही काळांना हजेरी लावण्याचे औचित्य तरी पाळले गेले. आज तिथे सुमारे ५७५ आसने आहेत, आणि २०१७ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कारांत या कामाची गुणवत्ता पुरस्कारासाठी निवड झाली.

राहिला आपल्या गावच्या टॉकीजचा प्रश्न. ऑपेरा हाउसमागे एक संस्थानिक घराणे उभे होते; तालुक्याच्या टॉकीजमागे बहुधा चार भावांचा दावा आणि एक बिल्डर उभा असतो. पुण्यातले गंगाधरपंत पाठकांचे १९१५ मधले आर्यन पुढे पाडले गेले आणि मंडईजवळची ती जागा वाहनतळाला गेली, तेव्हा सगळेच वाचेल अशी आशा मी दाखवणार नाही. तरी जीर्णोद्धाराचे बोलणे नंतर होऊ द्या, आधी इमारत आणखी बिघडणार नाही एवढे करा. पावसाळ्याआधी पन्हळी साफ करून घ्या. भिंतीत पिंपळ असेल तर तो नुसता उपटू नका, मूळ आत राहते आणि पुढच्या वर्षी दुप्पट जोमाने फुटते. खोड कापून मूळ औषधाने मारावे लागते आणि मगच फट चुन्याने भरावी. चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा कुणी फुकट करून देतो म्हटले तरी करू देऊ नका, कारण ओल बाहेर पडायची वाट बंद होते, भिंत आतून कुजते आणि क्षार फुटून नवा गिलावाही पोपड्यांनी गळतो. खुर्च्या भंगारात जाण्याआधी एका रांगेची तरी मापे आणि छायाचित्रे घ्या.

आणि नकाशे नाहीत म्हणून अडून बसू नका. १९५३ च्या मुंबई सिनेमा नियमन कायद्याखाली प्रत्येक चित्रपटगृहाला परवाना घ्यावा लागे आणि अर्जाला इमारतीचे नकाशे जोडावे लागत. जिल्ह्याच्या ठिकाणी ते जिल्हाधिकारी कार्यालयात सादर होत, त्यामुळे तिथल्या करमणूक शाखेच्या जुन्या दफ्तरात शोध घेण्यासारखा असतो. विजेच्या जोडणीची तपासणी होत असल्याने तिचीही कागदपत्रे असू शकतात. माहिती अधिकारात अर्ज करताना टॉकीजचे आजचे नाव आणि परवाना ज्या नावाने काढला होता ते मूळ नाव, अशी दोन्ही लिहा. मालक बदलला की पाटी बदलते, फाइलवरचे नाव मात्र तेच राहते.